संगणक-शंका : इन्सर्ट अडतं कुठे?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच गोष्टीभोवती फिरणारी आहेत. ग्रंथालय, दूध संकलन, दुकान किंवा कॉलेजचं प्रोजेक्ट यासाठी कुणीतरी स्वतःच छोटा प्रोग्रॅम लिहिलाय, आत एसक्यूलाइट हा एका फाइलमध्ये राहणारा डेटाबेस आहे आणि नोंद घालताना, म्हणजे ‘इन्सर्ट’ करताना, काहीतरी अडतंय. म्हणून हा अंक त्यांच्यासाठीच ठेवला आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगते, म्हणजे उत्तरं समजायला सोपं जाईल. डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली एसक्यूलाइट लिहायला घेतलं. तेव्हा ते अमेरिकन नौदलाच्या एका युद्धनौकेसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. डेटाबेसचा सर्व्हर बंद पडला की वरचा प्रोग्रॅमही ठप्प होत असे, म्हणून त्यांनी सर्व्हरच काढून टाकला. प्रोग्रॅम थेट एका फाइलमध्ये लिहितो, मध्ये कुणी नाही. यातली सोय उघडच आहे, पण सर्व्हर जी राखण करायचा ती आता तुमच्या प्रोग्रॅमला करावी लागते. कुठली फाइल उघडायची, कोण कधी लिहिणार, काय चालेल आणि काय नाही, हे सगळं कनेक्शन उघडताना आणि टेबल बनवताना तुम्हीच ठरवायचं असतं. खालची बहुतेक दुखणी तिथूनच सुरू झालेली आहेत.

ताई, आमच्या गावच्या वाचनालयाचे सभासद मी पायथन आणि एसक्यूलाइटमध्ये नोंदवतो. बाकी सगळी नावं जातात, पण ‘डी’सोझा’ लिहिलं की ‘नियर सोझा : सिंटॅक्स एरर’ येतं. एका मित्राने प्रश्नचिन्ह वापरायला सांगितलं. तसं केल्यावर डी’सोझा गेले, पण नाव शोधण्याची क्वेरी बिघडली. ‘सुनीता’ शोधलं तर म्हणतो, एक हवं होतं, सहा दिलेत! — एक वाचक, सासष्टी, गोवा

मित्राने अगदी योग्य सांगितलं आहे, ती वाट सोडू नका.

आधी पहिली चूक. तुम्ही नाव थेट इन्सर्टच्या वाक्यात चिकटवत होता. एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला आज्ञा द्यायच्या भाषेत, मजकूर एकेरी अवतरणात असतो. डी’सोझांच्या नावात तेच चिन्ह आलं, की डेटाबेसच्या लेखी मजकूर ‘डी’पाशीच संपला. पुढचा ‘सोझा’ हा त्याला अनोळखी शब्द, म्हणून ‘नियर सोझा’. या मेसेजमध्ये नियरनंतर येणारा शब्द फार कामाचा असतो. चूक बहुतेक वेळा त्याच्या लगेच आधी असते. सासष्टीत डी’सोझा, डी’कॉस्टा, डी’मेलो घरोघरी, त्यामुळे तुम्हाला हे लवकर कळलं ते बरंच झालं. असा प्रोग्रॅम वर्षभर सुरळीत चालतो आणि एके दिवशी पुस्तकाच्या नावात अवतरण आलं की अडतो. शिवाय कुणी मुद्दाम नावाच्या रकान्यात एसक्यूएलचं वाक्य टाकलं तर तेही चालून जाऊ शकतं. वाक्यात नावाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून नाव वेगळं दिलं की हे दोन्ही धोके संपतात, कारण वाक्य वेगळं जातं, मजकूर वेगळा जातो आणि मजकुरात काय आहे याने वाक्याची रचना बदलत नाही.

आता सहाचा घोळ. वाक्य चालवणाऱ्या ‘एक्झिक्यूट’ला दुसरी गोष्ट म्हणून यादी किंवा टपल (पायथनमधली न बदलणारी यादी) द्यावं लागतं. तुम्ही थेट नाव दिलंत. पायथनच्या दृष्टीने मजकूर म्हणजेही अक्षरांची यादीच, तेव्हा त्याने एकेक चिन्ह वेगळं मोजलं. सुनीता हे नाव आपण तीन अक्षरी म्हणतो, पण संगणकात ते स, उकार, न, ईकार, त, काना असं सहा चिन्हांचं आहे. तिथून सहा आले. कंसात नाव लिहून त्यापुढे एक स्वल्पविराम द्या. नुसत्या कंसाने भागत नाही, टपल होतं ते स्वल्पविरामाने. मेसेजमध्ये असा अनपेक्षित आकडा दिसला की तो कशाची लांबी आहे हे आधी ताडून पाहा, कारण तिथेच सापडेल.

नोंद केली की यादीत दिसते. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला की कधी असते, कधी सगळी यादीच कोरी. एरर एकही नाही. व्हायरस असेल का? — एक दुकानदार, बार्शी

व्हायरस नाही. तुमच्या पत्रात दोन वेगळी दुखणी एकत्र आली आहेत, म्हणून ‘कधी असते, कधी नसते’ असं वाटतंय.

पहिलं, नुकत्याच केलेल्या नोंदी गायब होणं. पायथनचं एसक्यूलाइट मोड्यूल इन्सर्टच्या आधी आपणहून ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या बदलांचा गठ्ठा, सुरू करतं. ते पक्कं होतं कमिट केल्यावर. कमिट न करता कनेक्शन बंद झालं की आतलं सगळं रद्द. यादीत नोंद दिसत होती कारण त्याच कनेक्शनला स्वतःचं कच्चं कामही दिसतं. दुसऱ्या खिडकीतून पाहिलं असतंत तर दिसलं नसतं. कनेक्शनवर ‘विथ’ वापरलंत तर ब्लॉक नीट संपल्यावर कमिट आपोआप होतं, मध्ये एरर आली तर सगळं मागे फिरतं. मात्र ‘विथ’ संपलं म्हणजे कनेक्शन बंद झालं असं नाही. ते वेगळं बंद करावं लागतं.

दुसरं, आख्खी यादीच कोरी येणं. हे जास्त घातक आहे. तुम्ही पाठवलेल्या कोडमध्ये फाइलचं नाव नुसतं ‘दुकान डॉट डीबी’ असं दिलंय, पूर्ण पाथ (फोल्डरसकट पत्ता) नाही. मग ती फाइल शोधली जाते प्रोग्रॅम ज्या फोल्डरमधून सुरू झाला तिथे. एडिटरमधून चालवला की एक फोल्डर, डेस्कटॉपच्या शॉर्टकटवरून चालवला की दुसरा. आणि एसक्यूलाइटची सवय अशी, की फाइल सापडली नाही तर ते ओरडत नाही, नवी रिकामी फाइल बनवतं. तरीही ‘नो सच टेबल’ अशी एरर यायला हवी होती. ती आली नाही, कारण तुमच्या प्रोग्रॅमच्या सुरुवातीला ‘क्रिएट टेबल इफ नॉट एक्झिस्ट्स’ आहे. त्याने नव्या फाइलमध्ये कोरं टेबलही तयार करून दिलं. म्हणजे तुमच्या संगणकावर आत्ता ‘दुकान’ नावाच्या दोन फाइली असाव्यात आणि दोन्हींत थोडी थोडी विक्री असेल. आधी संगणकभर त्या नावाने शोध घ्या आणि सापडेल ती एकही पुसू नका. गेलेली वाटणारी विक्री त्यातच आहे.

खात्री करायची तर ‘प्रॅग्मा डेटाबेस_लिस्ट’ ही क्वेरी चालवा. कनेक्शन नेमकी कोणती फाइल धरून बसलंय याचा पूर्ण पाथ ती दाखवते. कुठलीही अनाकलनीय तक्रार आली की मी सगळ्यात आधी हेच विचारते. पुढे कायमचा उपाय म्हणून पाथ पूर्ण द्या आणि रोजच्या वापरात फाइल ‘मोड इक्वल टू आरडब्ल्यू’ या पर्यायाने उघडा, पायथनमध्ये त्यासाठी ‘यूआरआय’ ट्रू करावं लागतं. मग फाइल नसेल तर नवी बनणार नाही, ‘अनेबल टू ओपन डेटाबेस फाइल’ अशी स्वच्छ एरर येईल. फाइल तयार करण्याचं काम वेगळ्या, एकदाच चालवायच्या स्क्रिप्टकडे ठेवा.

विंडोजवाल्यांसाठी एक जास्तीची सूचना. पाथमधल्या उलट्या तिरक्या रेघेनंतर एन किंवा टी आलं तर पायथन त्याला नवी ओळ किंवा टॅब समजतो. फोल्डरचं नाव ‘न्यू’ असेल तर हमखास अडकाल. अवतरणाच्या आधी आर लावा.

आमच्या दूध संकलन केंद्रावर सकाळी गर्दीच्या वेळी ‘डेटाबेस इज लॉक्ड’ येतं. एक संगणक काट्याजवळ, दुसरा हिशेबाचा. फाइल शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवली आहे. रांग खोळंबते, लोक चिडतात. जुन्या नोंदी आयात करणंही फार हळू होतं. — केंद्रचालक, संगमनेर तालुका

एसक्यूलाइटची फाइल म्हणजे केंद्रावरची एकच नोंदवही समजा. वाचायला चारजण डोकावतील, पण लिहिताना पेन एकाच्याच हाती. दुसरा लिहायला आला आणि पेन मोकळं नसलं, तर त्याने किती वेळ थांबायचं? मुळात शून्य. पायथनचं मोड्यूल स्वतःहून पाच सेकंद थांबतं, पण इतर बऱ्याच भाषांतून उघडलेलं कनेक्शन क्षणभरही न थांबता ‘लॉक्ड’ म्हणून परत फिरतं. म्हणून कनेक्शन उघडल्या उघडल्या ‘प्रॅग्मा बिझी_टाइमआउट’ ५००० किंवा १०,००० द्या. आकडा मिलिसेकंदात असतो.

पण नुसतं थांबायला लावणं हा अर्धा उपाय झाला. पेन कोण अडवून बसलंय ते शोधायला हवं. तुम्ही कोडचा जो तुकडा पाठवलाय त्यात ट्रान्झॅक्शन आधी सुरू होतं, मग काट्यावरून वजन येण्याची वाट पाहिली जाते, मग फॅट, मग इन्सर्ट, मग कमिट. म्हणजे शेतकरी कॅन ठेवत असतानाच लॉक लागण्याची शक्यता तयार होते. क्रम उलटा करा. वजन, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घनपदार्थ), दर सगळं हातात येऊ द्या, मगच ट्रान्झॅक्शन उघडा, लिहा आणि लगेच बंद करा. सुरुवात ‘बिगिन इमीजिएट’ने करा. साध्या ‘बिगिन’मध्ये आधी वाचन आणि मग त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये लिखाण असलं, तर मध्येच दुसऱ्याने लिहिल्यावर टाइमआउट दिलेला असूनही तत्काळ नकार मिळू शकतो. आणखी एक नेहमीचा अपराधी म्हणजे डीबी ब्राउझर, एसक्यूलाइटची फाइल उघडून बघायचं तयार सॉफ्टवेअर. कुणी हिशेब बघायला त्यात फाइल उघडली, एखादा आकडा बदलला आणि ‘राइट चेंजेस’ न दाबता चहाला गेलं, की तेवढा वेळ काट्यावरचं इन्सर्ट अडलंच.

आता तुमच्या मांडणीबद्दल स्पष्ट बोलते. शेअर केलेल्या फोल्डरमधली फाइल दोन संगणकांनी एकाच वेळी लिहायची, हे करू नका. एसक्यूलाइट लॉकसाठी ऑपरेटिंग सिस्टिमवर विसंबतं आणि नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये ती लॉक्स भरवशाची नसतात. आज एरर येते आहे हे तुमचं नशीब. ज्या दिवशी लॉक न लागताच दोघं लिहितील, त्या दिवशी फाइल खराब होईल आणि सगळ्या उत्पादकांचा पंधरवड्याचा हिशेब त्यात असेल. २०१० मध्ये आलेला डब्ल्यूएएल मोड (बदल आधी शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत) वाचणाऱ्याला आणि लिहिणाऱ्याला एकमेकांच्या आड येऊ देत नाही, म्हणून त्याची शिफारस सगळीकडे दिसेल. पण तो एकाच संगणकावरच्या प्रोग्रॅम्ससाठी आहे, नेटवर्क फोल्डरवर चालत नाही. फाइल काट्याजवळच्या संगणकावर ठेवा, लिखाण फक्त तिथला प्रोग्रॅम करेल, आणि हिशेबाच्या संगणकाने त्या प्रोग्रॅमकडे माहिती मागावी. ते जमणार नसेल तर पोस्टग्रेससारखा डेटाबेस सर्व्हर बसवा. दोन संगणक रोज लिहिणार असतील तर तेच सरळ आहे.

हळूपणाची तक्रारही तुम्ही केली आहे. जुन्या नोंदी आयात करताना दर ओळीला कमिट करत असाल तर वेळ लागणारच. प्रत्येक कमिटला डेटा खरोखर डिस्कवर उतरला याची वाट पाहिली जाते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या जुन्या हार्ड डिस्कवर सेकंदाला साठेक कमिटच होतात. हजारो इन्सर्ट एका ट्रान्झॅक्शनमध्ये घाला, काम डोळ्यांदेखत संपेल.

ताई, मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. अँड्रॉइड प्रोजेक्टमध्ये विद्यार्थ्यांच्या टेबलात मोबाइलचा कॉलम वाढवला. कोड दहादा तपासला, कॉलम आहे. तरी लॉगमध्ये ‘हॅज नो कॉलम नेम्ड मोबाइल’ येतं आणि स्क्रीनवर मात्र ‘नोंद झाली’ दिसतं. — एक विद्यार्थिनी, लातूर

कॉलम तुझ्या कोडमध्ये आहे, फोनमधल्या फाइलमध्ये नाही. अँड्रॉइडच्या ‘एसक्यूलाइट ओपन हेल्पर’चं ‘ऑनक्रिएट’, ज्यात टेबल बनवायचा कोड असतो, फक्त एकदाच चालतं, फाइल पहिल्यांदा बनते तेव्हा. नंतर तू तिथे काहीही लिहिलंस तरी जुनी फाइल तशीच राहते. प्रोजेक्ट अजून तुझ्याच फोनवर असेल तर ॲप काढून पुन्हा टाक, प्रश्न मिटला. पण परीक्षकांनी विचारलं तर खरं उत्तर हे : व्हर्जनचा आकडा एकने वाढवायचा आणि ‘ऑनअपग्रेड’मध्ये ‘ऑल्टर टेबल ॲड कॉलम’ लिहायचं. कॉलम नॉट नल (रिकामा न चालणारा) हवा असेल तर डीफॉल्ट द्यावंच लागेल, कारण आधीच्या ओळींत काय भरायचं ते डेटाबेसला कळायला हवं. अनेक धड्यांमध्ये ‘ऑनअपग्रेड’मध्ये टेबल पुसून नवं बनवलेलं असतं. ते उचलू नकोस. वापरणाऱ्याच्या फोनवर अपडेट गेलं की त्याच्या सगळ्या नोंदी जातात.

‘नोंद झाली’ का दिसतं? अँड्रॉइडचं ‘इन्सर्ट’ अयशस्वी झालं की उणे एक परत देतं आणि एरर लॉगमध्ये टाकून गप्प बसतं. तू परत आलेला आकडा पाहतच नाहीस. तो तपास, नाहीतर ‘इन्सर्ट ऑर थ्रो’ वापर. आणि मोबाइल नंबर टेक्स्टमध्ये ठेव. त्याची कधी बेरीज करायची नसते आणि पुढे शून्य असलं तर ते टिकायला हवं.

एक्सेलमधून सभासद आयात करताना ‘युनिक कन्स्ट्रेंट फेल्ड’ येत होतं. ‘इन्सर्ट ऑर रिप्लेस’ केल्यावर थांबलं. पण आता काही सभासदांचे पत्ते रिकामे आहेत आणि काहींचा पुस्तकांचा इतिहास गेला. — ग्रंथपाल, अकोला

‘रिप्लेस’ ओळ दुरुस्त करत नाही. ते जुनी ओळ पुसून नवी घालतं. तुमच्या एक्सेलमध्ये पत्त्याचा रकाना नव्हता, म्हणून नव्या ओळीत तो रिकामा राहिला. देवघेवीचं टेबल सभासदाला ‘ऑन डिलीट कॅस्केड’ने जोडलेलं होतं, म्हणून जुनी ओळ पुसताना इतिहासही पुसला गेला. आयातीच्या आधीची प्रत असेल तर ती परत आणा आणि ‘ऑन कॉन्फ्लिक्ट... डू अपडेट सेट’ वापरा. २०१८ च्या ३.२४ आवृत्तीपासून ते आहे. त्यात ज्या रकान्यांचं नाव घ्याल तेवढेच बदलतात.

‘इन्सर्ट ऑर इग्नोर’कडेही वळू नका. ते दुबार ओळ गुपचूप वगळतं, आणि नॉट नल रकाना रिकामा असलेली ओळही तितक्याच गुपचूप वगळतं. एरर आली होती ती तुम्हाला सांगत होती, की एकाच क्रमांकाचे दोन सभासद आहेत. तो क्रमांक खरा कुणाचा हे रजिस्टर उघडून बघणं हे तुमचंच काम आहे, डेटाबेसला ते ठरवता येणार नाही.

जावाच्या प्रोजेक्टमध्ये एच-टू हा डेटाबेस वापरतो. ॲप चालू असताना कन्सोलमधून जोडलं की ‘डेटाबेस मे बी ऑलरेडी इन यूज’. आणि टेस्टमध्ये टेबल बनवलं तरी पुढच्या क्वेरीला ते सापडत नाही. — एक वाचक, पुणे

एम्बेडेड मोडमध्ये, म्हणजे डेटाबेस ॲपच्या आतच चालतो तेव्हा, एच-टूची फाइल एका वेळी एकच प्रोसेस उघडू शकते. दोघांच्याही यूआरएलमध्ये ‘ऑटो_सर्व्हर इक्वल टू ट्रू’ घाला, किंवा कन्सोल उघडताना ॲप बंद ठेवा. टेस्टमध्ये तुम्ही ‘मेम’ वापरताय. मेमरीतला तो डेटाबेस शेवटचं कनेक्शन बंद होताच नाहीसा होतो. ‘डीबी_क्लोज_डिले’ला उणे एक द्या.

ताई, माझ्या प्रोग्रॅमला एरर काहीच येत नाही, पण वर्गणीची बेरीज शून्य, तारखांच्या जागी २०१६, २००३ असले आकडे, आणि गावाचं नाव युनिक ठेवूनही ‘कऱ्हाड’ दोनदा. तिन्हींचं कारण एकच का? — मंडळाचे कार्यवाह, कऱ्हाड

कारणं तीन आहेत, पण जात एकच : डेटाबेसने तुम्ही दिलं ते निमूट घेतलं. मला एररवाल्या पत्रांपेक्षा अशा पत्रांची जास्त काळजी वाटते.

वर्गणी. तुम्ही मराठी कळफलकावरून ‘१२५’ असं देवनागरी आकड्यांत टाइप करता. रकाना इंटिजर असला तरी एसक्यूलाइट त्याला संख्या म्हणून ओळखत नाही, आणि नाकारतही नाही, मजकूर म्हणून ठेवून देतं. बेरजेत त्याची किंमत शून्य. मधे स्वल्पविराम घातलेली ‘१,२५०’ सुद्धा इंग्रजी आकड्यांत लिहिली तरी मजकूरच राहते. आत काय प्रकार साठवलाय ते सांगणारं ‘टाइपऑफ’ ज्यांचं टेक्स्ट येतं त्या ओळी शोधा. दुरुस्ती सोपी आहे, कारण पायथनचं ‘इंट’ देवनागरी आकडे वाचतं, स्वल्पविराम वगळून त्यातून काढा आणि परत लिहा. पुढे असं होऊ नये म्हणून टेबल ‘स्ट्रिक्ट’ करा. ही सोय २०२१ पासून, ३.३७ आवृत्तीत आली. मग असं इन्सर्ट जागीच अडेल.

तारखा. तारीख अवतरणाशिवाय गेली आहे, म्हणून ती वजाबाकी झाली. २०२४-०३-०५ म्हणजे दोन हजार चोवीसमधून तीन गेले, पाच गेले, राहिले २०१६. जूनच्या पंधरा तारखेचे २००३. या ओळींतली मूळ तारीख त्या आकड्यावरून परत काढता येणार नाही, पावतीपुस्तकच उघडावं लागेल. यापुढे प्रश्नचिन्ह वापरा आणि तारीख वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने ठेवा, तरच क्रमवारी बरोबर लागते.

आणि कऱ्हाड. त्यातला ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कळफलक ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त वापरतात. काही ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, पण ‘लेंग्थ’ विचारा : एकाची सहा येईल, दुसऱ्याची सात. युनिक बाइट्स पाहतं, म्हणून त्याला ही दोन वेगळी गावं वाटतात. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन ही जोडी एकत्र आणत नाही, बदल स्वतः करावा लागतो. ‘रिप्लेस’ फंक्शनमध्ये, क्रमांकावरून अक्षर देणाऱ्या ‘कॅर’ने २३५२, २३८१, ८२०५ हा क्रम द्या आणि त्याजागी २३५३, २३८१ घाला. हे दोन्ही कॅरचे आकडे दशमान आहेत आणि अर्थातच इंग्रजी अंकांत टाइप करायचे. अपडेट चालवताना युनिकची एरर आली तर ती दुबार गावाचीच आहे. आधी त्या गावाचे सभासद एका ओळीकडे वळवा, मग दुसरी ओळ पुसा. इथे ‘प्रॅग्मा फॉरेन_कीज’ ऑन केलेलं असू द्या. एसक्यूलाइटमध्ये ते मुळात बंद असतं आणि प्रत्येक नव्या कनेक्शनला पुन्हा चालू करावं लागतं. चालू असेल तर सभासद शिल्लक असलेलं गाव पुसू दिलं जाणार नाही.

हे सगळं करण्याआधी ‘व्हॅक्यूम इन्टू’ने फाइलची प्रत काढा. नुसती कॉपी-पेस्ट नको, विशेषतः शेजारी त्याच नावाची, शेवटी ‘डब्ल्यूएएल’ असलेली फाइल दिसत असेल तर. ताज्या नोंदी तिच्यातही असू शकतात.